आखडलेले गुडघे, आखडता हात

मराठीत काही शब्द फार नेमके असतात. 'आखडणं' हा त्यातलाच एक. सांधा आखडतो, आणि मदतीचा हातही आखडता घेतला जातो. आमच्या पिंगळीसारख्या गावात या दोन्ही गोष्टी एकाच घरात, एकाच लेकराच्या बाबतीत घडतात. आधी गुडघा आखडतो, मग बाकीचे सगळे हात आखडतात. आणि दहा-बारा वर्षांनी सगळे मिळून म्हणतात, "काय करावं, लेकरू तसंच निघालं."

हे "तसंच निघालं" मला अजिबात मान्य नाही. आज त्यावरच लिहायचंय. जरा चिडून लिहितोय, सांभाळून घ्या.

आधी एक साधी गोष्ट. गुडघा वाकलेल्या अवस्थेत घट्ट बसणं, सरळच न होणं, हे काही मुलांमध्ये जन्मापासून असतं. पण बहुतेक मुलांचा गुडघा आखडलेला 'निघत' नाही, तो हळूहळू आखडत जातो. सेरेब्रल पाल्सीचंच घ्या. जन्माच्या आगेमागे मेंदूला इजा होते. ती इजा पुढे वाढत नाही. गुडघा मात्र वयाबरोबर आखडत जातो, कारण मांडीच्या मागचे स्नायू सतत ताठ राहतात आणि मूल बहुतेक वेळ पाय दुमडूनच असतं. हिमोफिलियाच्या मुलाच्या गुडघ्यात रक्त साकळतं. पाय वाकवून ठेवला की दुखणं कमी होतं, म्हणून ते पोर पाय वाकवूनच झोपतं. चुलीपाशी किंवा उकळत्या पाण्यानं गुडघ्याची मागची बाजू भाजली, तर नवी कातडी वाकलेल्या पायावरच धरते आणि आवळत जाते. लहानपणीचा संधिवात, सांध्यातला पू किंवा क्षय, आणि एके काळी पोलिओ. कारणं वेगवेगळी, पण गुडघ्याचा शेवट एकच.

त्या शेवटामागचं यंत्रही एकच आहे. मुलाचं हाड वाढत असतं. हाडाबरोबर स्नायूलाही लांबी वाढवावी लागते, आणि स्नायू ती तेव्हाच वाढवतो जेव्हा तो रोज पुरेसा वेळ ताणलेल्या स्थितीत असतो. गुडघा दिवसरात्र वाकलेलाच राहिला तर मागचे स्नायू आखूड राहतात, सांध्याचं आवरण आवळतं, आणि हाड मात्र वाढतच राहतं. म्हणजे मूल वाढतं तशी अडचण वाढते. पण ह्याच नियमाची दुसरी बाजू अशी की वाढत्या वयात योग्य ताण मिळाला तर तेच शरीर लांबी भरूनही काढतं. मोठ्या माणसाला ही सवलत कमी. लहान मुलाला ती आहे. आणि नेमकी तीच वर्षं आपण वाट बघण्यात घालवतो.

"मोठा झाला की बघू."

हे वाक्य मी किती घरांत ऐकलंय त्याची गणती नाही. सुशिक्षित लोकांच्या तोंडूनही ऐकलंय.

आता उपचार. ऑपरेशनशिवाय गुडघा सरळ करण्याचे मार्ग जुने आहेत, आणि त्यात जादू काही नाही. पालथं झोपवणं. पाय लांब करून बसवणं. मागून फळी किंवा पट्टी लावून रात्रभर गुडघा सरळ ठेवणं. आणि गुडघा फार घट्ट असेल तर टप्प्याटप्प्याचं प्लास्टर: आज जितका सरळ होतो तितक्यावर प्लास्टर घालायचं, आठवड्या-पंधरवड्याने काढायचं, काही अंश जास्त सरळ झालेला असतो, त्यावर पुन्हा नवीन घालायचं. कधी प्लास्टरच्या मागच्या बाजूला चीर देऊन, तिथे पाचर घालून कोन उघडत नेतात. कधी वजन लावून हळूहळू ओढ देतात. सेरेब्रल पाल्सीत जोडीला बोट्युलिनमचं इंजेक्शन देऊन ताठर स्नायू काही महिने सैल करता येतो. प्लास्टर संपलं की रात्रीची पट्टी, आणि ती वर्षानुवर्षं. कारण मूल अजून वाढतंच आहे.

ह्या सगळ्यात एक गोष्ट समान आहे. वेळ. १९८८ मध्ये तार्दिए नावाच्या फ्रेंच संशोधकांच्या गटाने सेरेब्रल पाल्सीच्या मुलांमध्ये पोटरीचा एक स्नायू दिवसातून किती वेळ ताणलेला असतो ते मोजलं. ज्या मुलांत तो सहा तास किंवा जास्त ताणलेला राहत होता, त्यांच्यात तो आखडत गेला नाही. ज्यांच्यात तो जेमतेम दोन तास ताणला जात होता, त्यांच्यात आखडत गेला. अभ्यास छोटा होता आणि गुडघ्याचा नव्हता, हे मान्य. पण त्यातली गोष्ट कुणाही आईला पटेल अशी आहे. प्रश्न "व्यायाम केला का?" हा नाही. प्रश्न "चोवीसातले किती तास?" हा आहे.

तुम्ही म्हणाल, ताण देऊन काही होत नाही असं मोठमोठे आढावे सांगतात. बरोबर. २०१७ चा कॉक्रेन आढावा नेमकं तेच म्हणतो. हाताने ताण देणं, पट्ट्या, प्लास्टर, सगळं धरून म्हणतो, की सांध्याच्या हालचालीत मोलाचा फरक दिसला नाही. पण तो हेही सांगतो की हे सात महिन्यांपेक्षा कमी काळ दिलेल्या ताणाबद्दल आहे. वर्षानुवर्षं केलं तर काय होतं, ह्याचं उत्तर त्यात नाही. काही लोक हा आढावा दाखवून म्हणतात, "बघा, फिजिओचा उपयोग नाही." मी उलटं वाचतो. थोडे दिवस, थोडा वेळ, वरवर केलेल्या गोष्टीचा उपयोग होत नाही. आणि आपण गावाकडच्या मुलांना नेमकं तेवढंच देतो. थोडे दिवस, थोडा वेळ, वरवर.

इथे माझं खरं भांडण सुरू होतं.

ह्या उपचाराचं एकक आहे तास. आपल्या व्यवस्थेचं एकक आहे घटना. शिबिर ही घटना आहे. ऑपरेशन ही घटना आहे. दाखला ही घटना आहे. व्हीलचेअरचं वाटप ही तर फोटोसकट घटना आहे. रात्री साडेनऊला आईने पट्टी बांधली, पहाटे सोडली, कातडीवर लाली आली का बघितलं, ही घटना नाही. तिचा अहवाल जात नाही, तिचं बिल होत नाही, तिला हार घालता येत नाही. म्हणून ती कुणाच्याच कामात मोडत नाही.

आमच्या गल्लीतली एक मुलगी सांगतो. जन्मल्यावर उशिरा रडली. चौथ्या वर्षी तिचे गुडघे हाताने सरळ होत होते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय, कारण तिची आज्जी ओट्यावर तिला पाय लांब करून तेल लावायची. नवव्या वर्षी ते सरळ होईनात. मधल्या पाच वर्षांत काय झालं? एका शिबिरात तिला तपासलं, टक्केवारी लिहिली, पुढच्या शिबिरात व्हीलचेअर दिली. एका रुग्णालयात महिनाभर खेपा झाल्या. तिचे वडील मला म्हणले, "सर, एका खेपंला आम्हा दोघांची मजुरी बुडती. तिथं गेलं की पंधरा मिनिटं शेकायची मशीन लावायचे आन् म्हणायचे, या आता उद्या. किती दिवस जावं?" पुढे दुसऱ्या ठिकाणी सांगितलं, ऑपरेशन लागेल. मी विचारलं, "रात्री बांधायला पट्टी दिली होती का कुणी?" त्यांनी आज्जीकडे बघितलं, आज्जीनं माझ्याकडे. "कसली पट्टी, सर?"

पाच वर्षं. त्यातल्या रात्री मोजा. अठराशेच्या वर. एकाही रात्रीसाठी कुणी काही दिलं नव्हतं.

आणि व्हीलचेअर! मी व्हीलचेअरच्या विरोधात नाही, ती मुलगी तिच्यातून शाळेत आली हे फार चांगलं झालं. पण व्हीलचेअर म्हणजे नव्वद अंशांत वाकवलेला गुडघा, तासन्‌तास. ती देताना "रोज इतका वेळ पालथं झोपवा, उभं करा, रात्री पट्टी बांधा" हे जो सांगत नाही, तो एका हाताने देतो आणि दुसऱ्या हाताने काढून घेतो.

आपल्याकडे योजना नाहीत असं नाही. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. त्याचं फिरतं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येणं अपेक्षित आहे, जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतची मुलं त्यात येतात. जिल्ह्याच्या ठिकाणी लवकर निदान आणि उपचारासाठी वेगळं केंद्र, अशी त्याची रचना. परभणीत २०२३ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. पिंगळी तर परभणी आणि पूर्णा जंक्शन यांच्या मधलं स्टेशन, म्हणजे आम्ही काही डोंगरातले नाही. १९९५ चा कायदा होता, आता २०१६ चा आहे, त्यात सेरेब्रल पाल्सी आणि हिमोफिलिया दोन्ही नावानिशी आहेत. २०१५ च्या डिसेंबरात 'अपंग'चं 'दिव्यांग' झालं. २०२२ मध्ये महाराष्ट्राने दिव्यांगांसाठी स्वतंत्र खातं काढलं. शब्द बदलले, खातं आलं, पाट्या बदलल्या. गुडघा तेवढ्याच अंशांत राहिला.

कारण ह्या सगळ्यात तपासणी आहे, नोंद आहे, पुढे पाठवणं आहे. रोजचे तास कुणाच्या अंगावर टाकलेत? आईच्या. तिला शिकवलंय का? नाही. साधन दिलंय का? नाही. मग काही वर्षांनी तिलाच विचारायचं, "घरी व्यायाम करून घेत नव्हता का, बाई?"

हा प्रश्न विचारणाऱ्यांना माझी विनंती आहे. एकदा सोयाबीनच्या काढणीत दिवसभर वाकून या, मग घरी येऊन स्वैपाक करा, आणि मग रडणाऱ्या लेकराचे पाय ताणा. मग विचारा.

महात्मा फुले जनआरोग्य योजनेबद्दलही बोलायला हवं. त्या योजनेने अनेक गरीब घरं वाचवली आहेत, तिला नावं ठेवायची नाहीत. पण तिची घडण मुळात दवाखान्यात दाखल झालेल्या रुग्णाच्या उपचारांच्या पॅकेजांची आहे. सहा आठवड्यांत सहा प्लास्टरं आणि मग चार वर्षं पट्टी, असा उपचार त्या चौकटीत नीट बसत नाही. जे बसतं त्याकडे माणूस ढकलला जातो. डॉक्टरही आणि बापही.

"मग एकदाचं ऑपरेशन करून टाका की." हा सगळ्यात लाडका युक्तिवाद. मी ऑपरेशनच्या विरोधात नाही. गुडघा खूप वर्षांचा आखडलेला असेल, कोन मोठा असेल, हाडाचाच आकार बदलला असेल, तर सर्जनशिवाय इलाज नाही. पण ऑपरेशन ह्या तासांना पर्याय आहे हा शुद्ध गैरसमज आहे. ऑपरेशननंतरही प्लास्टर आहे, पट्टी आहे, रोजचं उभं राहणं आहे. ते झालं नाही तर वाढत्या मुलाचा गुडघा पुन्हा आखडू शकतो. म्हणजे ज्या घराला पट्टीचे तास जमत नाहीत म्हणून आपण ऑपरेशन सुचवतो, त्याच घराकडून ऑपरेशननंतर तेच तास मागतो. ह्याला काय म्हणावं?

तुम्ही म्हणाल, खेड्यात इतका चिकाटीचा उपचार होणारच नाही. होतो. त्याचा पुरावा आपल्या डोळ्यांसमोर आहे, फक्त तो गुडघ्याच्या खाली आहे. जन्मतः वाकडं पाऊल. इग्नासिओ पोन्सेटी नावाच्या डॉक्टरांनी अमेरिकेतल्या आयोवात १९४० च्या दशकाच्या शेवटी दर आठवड्याच्या प्लास्टरची पद्धत बसवली, १९६३ मध्ये निष्कर्ष छापले, आणि जगाने पुढची तीसेक वर्षं तिकडे दुर्लक्ष करून मोठमोठी ऑपरेशनं केली. शेवटी तीच पद्धत जगभर मान्य झाली. आज आपल्या सरकारी दवाखान्यांतही वाकड्या पावलाला आठवड्याला प्लास्टर होतं, बहुतेक वेळा टाचेच्या शिरेला एक बारीक छेद, आणि मग चार वर्षांपर्यंत रात्रीचे बूट. खेड्यातल्याच आया ते बूट घालतात. तेच गाव, तीच आई, तेच प्लास्टर. फरक इतकाच, की पावलाला कार्यक्रम मिळाला. बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत वाकड्या पावलाची स्वतंत्र ओळ आहे. आखडलेल्या गुडघ्याची नाही.

आणि हे काम मोठ्या शहरातच होतं असंही नाही. डेव्हिड वर्नरने मेक्सिकोतल्या आहोया नावाच्या डोंगरी खेड्यात, अपंग गावकऱ्यांनीच चालवलेल्या केंद्रात जे पाहिलं आणि केलं, त्यातून १९८७ मध्ये खेड्यातल्या अपंग मुलांवरचं त्याचं जाडजूड पुस्तक आलं. आखडलेले सांधे प्लास्टरने टप्प्याटप्प्याने कसे सरळ करायचे, ह्यावर त्यात सविस्तर मांडणी आहे, गावातल्या कार्यकर्त्याला समजेल अशी. आपल्याकडे वेल्लोरला पॉल ब्रँड कुष्ठरुग्णांच्या हातांच्या शस्त्रक्रियेसाठी जगभर गाजले, पण आखडलेल्या बोटांसाठी तेच ब्रँड थोडं थोडं सरळ करणाऱ्या प्लास्टरचा आग्रह धरत. जोरात ओढू नका, ऊती वाढायला वेळ द्या, हे त्यांचं सांगणं. आणि अगदी आपल्या शेजारी, जामखेडला, १९७० पासून रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी गावातल्या, अनेकदा निरक्षर बायकांना आरोग्याचं काम शिकवून दाखवलं. ज्या बाईला बाळंतपणातला धोका ओळखता येतो, तिला गुडघ्याची पट्टी नीट बसली की नाही हे ओळखता येणार नाही?

मला कधी कधी वाटतं, पोलिओ गेला त्याबरोबर आपल्याकडचं हे कसबही मागे पडलं. देशातला शेवटचा रुग्ण २०११ च्या जानेवारीत सापडला, २०१४ मध्ये आपण पोलिओमुक्त ठरलो. फार मोठी गोष्ट. पण आखडलेले गुडघे पोलिओबरोबर गेले नाहीत.

एक इशारा मात्र द्यायलाच हवा, नाहीतर माझ्या लिहिण्याने कुणाचं तरी नुकसान व्हायचं. बिनऑपरेशनचा उपचार म्हणजे बिनधोक उपचार नव्हे. मुलाचा पाय जोर लावून सरळ करायचा नाही. वर्षानुवर्षं न चालणाऱ्या मुलाचं हाड ठिसूळ असतं, ते मोडतं. नडगीचं हाड मागे सरकू शकतं, मग गुडघा वरून सरळ दिसतो पण आतून बिघडलेला असतो. मागची नस ताणली जाऊन पाऊल लुळं पडू शकतं. हिमोफिलियाच्या मुलाला मालिश तर नकोच नको, आत रक्तस्राव होतो. प्लास्टर केल्यावर बोटं निळी-पांढरी पडली, सुजली, बधिर झाली किंवा मूल थांबतच नाही असं रडायला लागलं, तर रात्रीसुद्धा दवाखाना गाठायचा. त्यामुळे प्लास्टर घालायचं ते शिकलेल्या हातानेच. हाडवैद्याकडे नाही, घरी तर नाहीच नाही. माझं म्हणणं इतकंच आहे की तो शिकलेला हात गावाच्या जवळ आणा.

कसा आणायचा? फार मोठं काही मागत नाही.

शाळेत-अंगणवाडीत येणाऱ्या पथकाने ज्या मुलाचे पाय ताठ आहेत त्याच्या गुडघ्याचा कोन मोजून कार्डावर लिहावा. मागच्या वेळी किती होता तेही शेजारी दिसू द्यावं. वजनाची रेघ खाली गेली की अंगणवाडीताई धावते ना, तशी इथेही धाव व्हावी.

तालुक्यात आठवड्याचा एक दिवस प्लास्टर-पट्टीचा ठरवावा, बाजाराच्या दिवसासारखा पक्का. त्या दिवशी फिजिओथेरपिस्ट असणारच, प्लास्टर असणारच. वृद्धांच्या आरोग्याच्या कार्यक्रमात तालुक्याच्या पातळीवर पुनर्वसन कर्मचाऱ्याचा विचार झाला आहे. मुलांसाठी जिल्ह्यापाशीच का थांबायचं?

रात्रीची पट्टी मोफत द्यावी, आणि मूल वाढलं की बदलून द्यावी. जाड कापड, आत पट्ट्या, चार पट्टे. गावातला शिंपीही शिवून देईल, मापं मात्र जाणत्याने घ्यावीत.

आशाताईला ह्या कामाचे पैसे द्यावेत. नवजात बाळाच्या घरभेटींचा मोबदला तिला मिळतो, पहिल्या बेचाळीस दिवसांतल्या. तिथे आपण मान्य केलंच आहे की घरी जाणं हाही उपचार आहे. मग हा गुडघा बेचाळीस आठवडे बघायला काय हरकत आहे?

आणि शेवटचं, आपल्या मराठवाड्यापुरतं. दसरा-दिवाळी झाली की कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला जातात आणि फेब्रुवारी-मार्चशिवाय परतत नाहीत. पोर बरोबर जातं. प्लास्टरची मालिका त्या पाच महिन्यांच्या आत किंवा बाहेर बसवावी लागते, आणि पट्टी कोपीतही बांधली जाईल अशी द्यावी लागते. हे कॅलेंडर ज्याला माहीत नाही, त्याने "पालक पाठपुरावा करत नाहीत" असा शेरा लिहू नये.

बस्स. ह्यात कुठे मोठी इमारत नाही, यंत्र नाही, कोनशिला नाही. म्हणूनच कदाचित हे होत नाही. कोनशिलेवर "अठराशे रात्री" असं कसं कोरणार?

असो. बरंच लांबलं. एवढं मात्र करा. तुमच्या ओळखीत, गल्लीत, नात्यात एखादं लेकरू पाय दुमडूनच बसत असेल, तर "तसंच निघालं" म्हणायच्या आधी विचारा, रात्री पट्टी बांधता का? आणि "कसली पट्टी?" असं उत्तर आलं, तर त्या आईला दोष देऊ नका. तिला घेऊन जिल्ह्याच्या दवाखान्यात जा, आणि पट्टी मिळेपर्यंत तिथून हलू नका.